लोणारच्या काठची वाट सरकती ठेवा

संपादक महोदय,

दिवाळीची सुटी लागली की लोणारला गाड्यांची रीघ लागते. गाडी कड्याजवळ थांबते, माणसे कठड्याला टेकून फोटो काढतात, कणीस खातात आणि पाऊण तासात सिंदखेडराजाच्या नाहीतर शेगावच्या रस्त्याला लागतात. त्यांनी लोणार पाहिले असे म्हणवत नाही. वरून दिसते ते झाडीच्या काठाचे हिरवट तबक. ते पाणी कशाने हिरवे, त्याच्या काठाला पांढरी किनार का, देवळे अर्धी चिखलात का, यातले काही वरून कळत नाही. लोणार हे खाली उतरून, काठाने चालत पाहायचे ठिकाण आहे. ते कसे चालावे हे सांगण्यासाठी, आणि तिथली वाट कशी असावी याबद्दल एक आग्रह मांडण्यासाठी हे पत्र. थोडे लांबले आहे. कात्री लावायची झाली तर पुराणकथेला लावावी, चिखलाच्या मजकुराला लावू नये, कारण माणसे अडकतात ती तिथेच.

आधी आकार. लोणारचे सरोवर उल्का आदळून झालेल्या विवराच्या तळाशी आहे. विवराचा वरचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. म्हणजे कड्याकड्याने वरून फेरी मारायची तर पावणेसहा-सहा किलोमीटर. खाली पाण्याचा व्यास साधारण १.२ किलोमीटर, त्यामुळे काठाची फेरी चार किलोमीटरच्या आसपास. कड्यापासून पाण्यापर्यंतचा उतार सव्वाशे ते दीडशे मीटरचा, म्हणजे चाळीसेक मजल्यांच्या इमारतीचा जिना. उतरायला अर्धा तास पुरतो, चढायला धडधाकट माणसालाही पाऊण ते एक तास लागतो, आणि हा चढ नेमका ऊन तापल्यावर, पाण्याची बाटली रिकामी झाल्यावर वाट्याला येतो. बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो. उतरताना सगळे ताजेतवाने असतात, म्हणून परतीसाठी कोणी काही राखून ठेवत नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्यावे आणि त्यातले निम्मे चढासाठी हात न लावता ठेवावे. विवर म्हणजे कढईच. दहा-साडेदहानंतर आत वारा पडतो आणि भिंती तापू लागतात. डिसेंबरात वर स्वेटर लागतो आणि खाली घाम फुटतो, तो यामुळे.

म्हणून उजाडताच निघावे. धारेजवळून उतरणाऱ्या पायऱ्यांनी सुरुवात करणे सगळ्यांत चांगले. धार म्हणजे गोमुखातून बारमाही पडणारे गोड पाणी. उतारावर आणि पायथ्याशी असे आणखी झरे आहेत, रामगया आणि सीतान्हाणी ही त्यांतली ओळखीची नावे. आजूबाजूच्या जमिनीतल्या पाण्याची पातळी सरोवरापेक्षा उंच, म्हणून विवराची भिंत जिथे संधी देते तिथून ते पाझरते. हे गोड पाणी ओघळत खाली जाते आणि तिथे खारे होते. एवढी एक गोष्ट मनात ठेवून वाट चालली तर पुढचे सगळे आपोआप उलगडते: आत येणारे पाणी गोड आहे, पण बाहेर जायला त्याला वाटच नाही. या वाडग्यातून पाणी निघते ते वाफ होऊनच. वाफ जाते, क्षार राहतात. हजारो वर्षे हेच चालले आहे.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर महागडे उपकरण लागत नाही, घरची हळद पुरते. चमचाभर हळद थोड्या गरम पाण्यात कालवावी, तीत कोऱ्या कागदाच्या बोटभर पट्ट्या भिजवून सावलीत वाळवाव्यात आणि डबीत घालून न्याव्यात. धारेखाली एक पट्टी भिजवा. पिवळी ती पिवळीच राहते. तशीच दुसरी सरोवराच्या पाण्यात टोक बुडवून काढा. बघता बघता टोक कुंकवासारखे लालसर होते. हळदीला चुन्याची किंवा सोड्याची गाठ पडली की कुंकू होते हे आपल्या आज्यांना माहीत होते, इथे ते सरोवर करून दाखवते. सरोवराच्या पाण्याचा सामू (पीएच) एरवी दहाच्या आसपास, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्या पाण्याजवळचा. शाळेची सहल असेल तर या एका पट्टीने जे समजते ते पाच फलकांनी समजत नाही. पट्टी मात्र परत डबीत टाकायची, पाण्यात नाही.

उतरताना कड्याच्या वरच्या भागात पायऱ्यांच्या कडेचा खडक नीट पाहावा. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्याच्या थरांनी झालेला आहे आणि घाटात कुठेही हे थर आडवे, जवळजवळ सपाट दिसतात. लोणारच्या कड्यावर ते सरोवराकडून बाहेरच्या बाजूला झुकलेले आहेत. ओल्या चिखलात धोंडा आपटला की खड्ड्याची कड वर उचलली जाते आणि बाहेर कलते, तसेच. कडा आजूबाजूच्या शिवारापेक्षा वीसेक मीटर उंच आहे तोही याच धक्क्याने. बाहेर उडालेला मलबा किलोमीटर-सव्वा किलोमीटरपर्यंत पसरला आहे आणि लोणार गावाचा काही भाग त्याच मलब्यावर वसला आहे. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली, पण पुढे दीडशे वर्षे बरेचसे जाणकार याला ज्वालामुखीचेच तोंड समजत होते. १९७० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या संशोधकांनी इथे छिद्रे घेतली. खालच्या खडकात मॅस्केलिनाइट सापडले, म्हणजे प्रचंड धक्क्याने काचेसारखे झालेले खनिज, आणि वादाचा निकाल लागला. वयाचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. वाटाडे यातला एकच आकडा ठोकून सांगतात. दोन्ही सांगितले तर ऐकणाऱ्याची करमणूक जास्त होईल.

इथे चुंबकाचा खेळ हमखास दाखवला जातो. दगडाला चुंबक चिकटला की ‘पाहा, उल्केतले लोखंड’ म्हणून डोळे विस्फारतात. कृपा करून हे थांबवावे. काळ्या पाषाणात लोहाचे चुंबकीय खनिज असतेच. हाच चुंबक पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी नेला तरी तिथल्या ओघळातली काळी रेती त्याला मिशांसारखी चिकटेल. उल्का स्वतः आदळतानाच वितळून, वाफ होऊन गेली. खिशात घालून नेलेला ‘उल्केचा तुकडा’ शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा साधा बेसाल्ट असतो आणि तो उचलणे गुन्हा असतो. हा परिसर २००० साली वन्यजीव अभयारण्य म्हणून अधिसूचित झाला. क्षेत्र ३.८३ चौरस किलोमीटर, म्हणजे तळहाताएवढे. त्यातून परवान्याशिवाय दगडच काय, वाळकी फांदीही नेता येत नाही. २०२० मध्ये त्याला रामसर यादीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली; महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वरनंतरची ही दुसरी.

पायथ्याकडे येताना झाडी पट्ट्यापट्ट्यांनी बदलते आणि हे पट्टे सरोवराभोवती कंकणांसारखे फिरतात. उतारावर साग, सीताफळ, कडुनिंब, पळस. खाली सपाटीला आल्यावर चिंच आणि बाभूळ. मग वेडी बाभूळ. आणि शेवटी काहीच नाही, नुसता राखाडी-पांढरा चिखल. जमिनीतला खार जसा वाढतो तशी झाडे माघार घेतात. सीताफळाच्या दिवसांत वानरांची चैन असते. त्यांच्यासमोर पिशवीची चेन उघडण्याचा आवाजही करू नये. ‘चुर्रर्र’ म्हणजे बिस्कीट हे गणित त्यांना पाठ आहे. मोर इतके की पहाटे त्यांच्या ओरडण्याने बोलणे थांबवावे लागते. बिबट्याही आहे. म्हणून घोळका सुटू द्यायचा नाही, पोरांना पुढे पळू द्यायचे नाही आणि दुपारचे तीन वाजायच्या आत चढाला लागायचे.

आता चिखल. काठाला जो पांढरा पापुद्रा दिसतो तो सुकलेल्या क्षारांचा. वरून तो घट्ट, टणक, ऊन खाल्लेल्या पापडासारखा वाटतो. जाडी नखाएवढी, फार तर बोटाच्या पेऱ्याएवढी. खाली काळा, लोण्यासारखा गाळ. पहिले चार पाऊल तो पेलतो, पाचव्याला पाय पोटरीपर्यंत आत जातो आणि उपसताना बूट तिथेच राहतो. कुजक्या अंड्याचा वास येतो तो त्याच गाळातला वायू. टिटवीच्या, शेकाट्याच्या पावलांचे ठसे दिसले म्हणून जमीन भक्कम समजू नये. शेकाट्याचे वजन ते किती! भरवसा ठेवायचा तो गवतावर. जिथे गवताची मुळे धरून आहेत तिथेच पाय टाकावा. पापुद्र्याला काठीने टोचून पाहावे. काठी बोटभर आत जाऊन थांबली तर ठीक, वीतभर सहज गेली तर मागे फिरावे. अडकलेल्या माणसाला हात धरून ओढू नये, ओढणाराही जातो. त्याने मागे रेलून बसावे, पाय गोल फिरवत सैल करावा, बूट सोडावा लागला तर सोडावा. गाळ लागलेली कातडी लगेच गोड्या पाण्याने धुवावी. सोड्याचे पाणी सुकले की त्वचा तडतडते, डोळ्यात गेले तर झोंबते आणि चामड्याचे बूट दोन दिवसांत भेगाळतात. कापडी, जाड तळव्याचे, घोट्यावर चढणारे बूट बरे. जाड तळवा कशासाठी, तर वेडी बाभूळ. तिचा वाळका काटा पातळ स्लीपर आरपार करतो.

वाटेवरची देवळे हा स्वतंत्र विषय आहे. काठावर आणि उतारावर मिळून ती डझनाहून अधिक: कुमारेश्वर, यज्ञेश्वर, रामगया, वाघ महादेव, अंबरखाना, मोर मंदिर, मुंगळ्याचे मंदिर आणि कमळजादेवी. गावातल्या दैत्यसूदनाच्या मंदिरासारखी कोरीव श्रीमंती इथे नाही. बहुतेक पडकी, शिखर गेलेली, गाभाऱ्यात वटवाघळांचे राज्य. आत शिरताना विजेरी आधी आणि पाय नंतर. छताला आग्या मोहोळ असेल तर तिथून गुपचूप निघावे. अत्तर, अगरबत्ती, आरोळ्या यांतले काहीही तिथे चालत नाही. लवणासुराला विष्णूने, म्हणजे दैत्यसूदनाने, इथे मारले ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मला त्या कथेपेक्षा अबुल फजलची नोंद अधिक रंजक वाटते. ‘आईन-ए-अकबरी’त या जागेचा उल्लेख आहे तो काच आणि साबण करायच्या सामग्रीसाठी आणि त्यातून सरकारला मिळणाऱ्या महसुलासाठी. पुढेही इथला खार काढला जात होता आणि त्याच्या प्रतींना डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. काठावर पांढरा पापुद्रा हातात घेऊन ‘पापडी’ हा शब्द उच्चारला की चारशे वर्षांचा धंदा समोर उभा राहतो. (हातात घेऊन पुन्हा खाली ठेवावा, आणि हात धुवावा.)

कमळजेजवळची सासू-सुनेची विहीर पाहण्याजोगी, जेव्हा ती दिसते तेव्हा. एका बाजूचे पाणी गोडसर, दुसऱ्या बाजूचे खारे, असे तिच्याबद्दल सांगतात. कारण उघड आहे: एका अंगाने भिंतीतला झरा पाझरतो, दुसऱ्या अंगाने सरोवर. पण ‘जेव्हा ती दिसते तेव्हा’ असे म्हटले, त्यातच या पत्राचे खरे कारण आहे.

सरोवराचा काठ एका जागी राहत नाही. जून २०२० मध्ये पाणी ओसरले, खारेपणा वाढला आणि सरोवर गुलाबी झाले. जगभर छायाचित्रे फिरली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की हा रंग हॅलोआर्किया या, अति खाऱ्या पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. पाऊस पडला, पाणी सौम्य झाले, रंग गेला. त्यानंतर काही वर्षांतच पाणी इतके चढले की कमळजेच्या मंदिरात शिरले आणि नेहमीची काठाची वाट ठिकठिकाणी बुडाली. ज्या जागी २०२० मध्ये माणसे कोरड्या पापुद्र्यावर उभी राहून फोटो काढत होती, तिथे पाणी आले. बशीसारख्या सपाट काठावर पाणी हातभर चढले तरी ते आडवे कितीतरी पावले आत येते, हे तळ्याकाठच्या कोणाही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

पर्यटनवाढीची चर्चा निघाली की काठाने पक्की वाट करावी, फरशी टाकावी, कठडे लावावेत असे कोणीतरी म्हणतेच. आमचे म्हणणे सरळ आहे: काठाला सिमेंट लावू नका. सौंदर्यदृष्टीचा मुद्दा बाजूला ठेवू. इथे ते टिकणारच नाही. काठची जमीन चोपण, म्हणजे खारवट चिकण, आहे, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा पडतात. त्यावरची फरशी दोन पावसाळ्यांत वाकडी होते. क्षार सिमेंटच्या छिद्रांत शिरून वाळताना फुलतात आणि पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. आत लोखंड असेल तर ते गंजून काँक्रीट फोडते. शिवाय भिंतीतून पाझरणारे गोडे पाणी सरोवरापर्यंत जमिनीतून, पसरून जाते. मध्ये बांध घातला की ते एका ठिकाणी साचते, तिथे पाणकणीस माजते, डास होतात आणि फुटले की ओघळ धरून माती सरोवरात ओतते. ज्या पाण्यात मीठ आणि सोडा यांचा तोल हीच सगळी संपत्ती, त्यात माती आणि गोडे पाणी एकदम लोटणे म्हणजे वरणात पाण्याची बादली ओतणे.

त्यापेक्षा वाट दुहेरी ठेवावी. एक वरची, कायमची: आजवर पाणी जिथवर चढले त्या खुणेच्या वर, बाभूळ आणि सागाच्या पट्ट्यांच्या सीमेवरून. रुंदी दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येईल एवढीच. ती मातीचीच असावी. जिथे ओघळ आडवा येतो तिथे कोरड्या दगडांचा रचाव घालावा, चुना-सिमेंट न घालता, म्हणजे पाणी दगडांमधून निघून जाईल. हे दगड मात्र बाहेरच्या खाणीतून आणावेत. विवरातले वेचून लावले तर अभ्यासकांसाठी जो पुरावा जागच्या जागी आहे तोच आपण फरशीखाली गाडू. दुसरी वाट खालची, हंगामी: दर वर्षी पावसाळा संपल्यावर वनरक्षकाने काठी टोचत फिरून ठरवायची, कोरड्या भागात लाकडी खुंट्या ठोकायच्या आणि पाणी वाढले की खुंट्या उपटून मागे आणायच्या. खुंट्यांचा आणि दोरीचा खर्च तो किती? एका कठड्याच्या रंगाएवढाही नाही.

त्यासोबत एक पातळीपट्टी हवी. रामगया आणि कमळजा या दोन ठिकाणी मीटर-सेंटिमीटरच्या खुणांचा साधा खांब उभारावा. देवळावर रंग मारू नये, वेगळा खांब. त्याचा आकडा दर पंधरवड्याला वर नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहावा. येणाऱ्याला वाट कुठवर उघडी आहे ते वरच कळेल आणि खाली जाऊन ‘आता कुठे?’ म्हणत चिखलात घुसण्याची वेळ येणार नाही. आज ही माहिती मिळते ती चहाच्या टपरीवर, ‘परवा काही लोक गेले होते ना’ अशा स्वरूपात. देवळेसुद्धा एक प्रकारची पातळीपट्टीच आहेत. आठ-नऊशे वर्षांपूर्वी पाया घालणारा पाथरवट तो पाण्यात घालणार नव्हता; कोणते जोते आज कितपत बुडाले आहे ते नोंदले तर सरोवराच्या जुन्या पातळीचा अंदाज बांधता येतो.

वेडी बाभूळ काढायची तर नुसती बुंध्याशी तोडून उपयोग नाही. तोडलेल्या खुंटातून ती दुप्पट फांद्यांनी फुटते आणि वाट आधीपेक्षा काटेरी होते. मुळाशी खणून, जमिनीखालच्या वीतभर भागासकट खोड उपटावे लागते, कारण फुटव्याचे डोळे तिथेच असतात. शेंगा पिकण्याआधी काढावी. पिकल्या शेंगा गुरे आणि नीलगायी खातात आणि बी शेणालेंडीतून चोहीकडे पेरले जाते. काठावर जाळू मात्र नये, राख थेट पाण्यात उतरते. एका वर्षी एकच पट्टा काढावा आणि तिथे लगेच करंज, बाभूळ, कडुनिंब लावावा. सगळे एकदम उघडे पाडले तर पहिल्याच वळवाने उताराची माती खाली येईल, आणि त्या जाळीत आसरा घेणारे मोर-तित्तिर कुठे जाणार हाही प्रश्न आहेच.

माणसांबद्दल थोडे. एका वेळी दहा-बारा जणांचा गट, सोबत गावातला वाटाड्या आणि दोन गटांत अर्ध्या तासाचे अंतर, एवढे पाळले तरी पक्षी काठावर टिकतात. हिवाळ्यात चक्रवाक, शेकाटे, टिबुकल्या सकाळी काठाशी असतात. मोठा घोळका दिसला की आधी चक्रवाक उठतात आणि त्यांच्या कण्हत्या ओरडण्याने बाकीचे सगळे उठतात. मग दुर्बीण गळ्यात अडकवून उपयोग काय? भडक कपडे, ब्लूटूथचा भोंगा आणि ड्रोन तिन्ही वरच ठेवावेत. शौचाची सोय वर करून मगच उतरावे, खाली आडोसा शोधायचा नाही. धारेवर साबण लावू नये. तिथले फेसाळ पाणी अर्ध्या तासात सरोवरात असते. नवरात्रात कमळजेच्या यात्रेला भाविक येणारच आणि यावेत; निर्माल्याची टोपली मात्र वर परत नेण्याची पद्धत पाडायला हवी. नारळाची शेंडी एक वेळ कुजेल, ओटीची प्लास्टिकची पिशवी कुजत नाही.

ज्यांना गुडघे साथ देत नाहीत त्यांनी खाली उतरण्याचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी कड्यावरची फेरी आहे, तीही पूर्ण नको. सकाळी ऊन पाठीशी ठेवून तासभर चालावे, थरांचा कल पाहावा आणि मग गावात दैत्यसूदनाचे मंदिर निवांत पाहावे. वेळ उरला तर अंबर तळे, म्हणजे छोटे लोणार, आणि तिथला आडवा मारुती. ज्यांना उतरायचे आहे त्यांनी या दोन्ही गोष्टी दुपारी चढून आल्यावर, जेवणानंतर कराव्यात. आधी केल्या तर उतरायला अकरा वाजतात आणि कढई तापलेली असते.

पावसाळ्यात काठाची फेरी करू नये, एवढेच. पायऱ्यांवर शेवाळ, ओघळांना वेग आणि काळी माती बुटाला पायलीपायलीने चिकटते. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. मार्चनंतर जायचेच असेल तर नऊच्या आत वर येता येईल एवढेच खाली जावे.

नव्या हंगामाआधी निदान पातळीपट्टीचे दोन खांब आणि नाक्यावरचा एक फळा एवढे तरी व्हावे. त्याला ना मोठा निधी लागतो, ना निविदा. लागतो तो खडू आणि दर पंधरवड्याला खाली उतरून येणारा एक माणूस.

आपला,
एक वाचक, मेहकर (जि. बुलढाणा)